मेडिकल की सेवाग्राम

दोन्हीकडून मिळणारी पदवी एकच होती. 1995 साली नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था ही दोन्ही कॉलेजं नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. दीड वर्षाची फर्स्ट एमबीबीएस दोन्हीकडं, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी-बायोकेमिस्ट्रीचा तोच अभ्यासक्रम, शेवटी प्रमाणपत्रावर त्याच विद्यापीठाचा शिक्का. खासगी कॉलेजच्या पेमेंट सीटचा तर आमच्या घरात विचारही शक्य नव्हता, आणि त्या मानानं दोन्हीकडची फी एका शिक्षकाच्या पगारात बसणारी होती. त्यामुळं निवड पैशाची नव्हती आणि पदवीचीही नव्हती. तरी त्या पावसाळ्यात आमच्या घरात दुसरा विषय निघाला नाही.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यातलं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, थोडी कापसाची शेती. महाराष्ट्रात तेव्हा मेडिकलची सीईटी नव्हती, ती 1999 मध्ये आली. सरकारी कॉलेजची यादी बारावीच्या मार्कांवर लागायची, आणि रिझल्टच्या दिवशी टक्केवारी कोणी विचारत नसे, ‘ग्रुप किती’ एवढंच विचारत, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीचे मार्क किती. माझा ग्रुप नागपूरच्या यादीत बसला. सेवाग्रामची परीक्षा मात्र त्यांची स्वतःची. निम्म्या जागा महाराष्ट्राला, निम्म्या बाकीच्या देशाला, आणि एकूण जागाच नागपूरच्या मानानं अगदी मोजक्या. त्या परीक्षेत फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गांधीविचारांचाही एक पेपर असे.

तो पेपर मी आबाजींकडं बसून तयार केला. आबाजी म्हणजे माझे आजोबा. भूदानाच्या काळात विनोबांच्या मागं गावोगाव चाललेले, नंतरही पवनारला जाऊन-येऊन असणारे, अंगावर आयुष्यभर खादी. त्यांच्या कपाटातलं ‘सत्याचे प्रयोग’ मी आधी वाचलं होतं. ‘हिंद स्वराज्य’ मात्र त्या वेळी पहिल्यांदा हातात घेतलं, आणि त्यातल्या डॉक्टरांवरच्या प्रकरणानं मी हादरले. 1909 साली लिहिलेल्या त्या पुस्तकात गांधीजी दवाखान्यांनाच दोष देतात. माणूस हवं तसं खातो, हवं तसं वागतो, डॉक्टर त्याला औषध देऊन पुन्हा तसंच वागायला मोकळा करतो, अशी त्यांची तक्रार आहे. डॉक्टर होण्यासाठी अभ्यास करायचा आणि त्याच अभ्यासात हे वाचायचं. मी आबाजींना विचारलं, मग सेवाग्रामला दवाखाना कसा? ते म्हणाले, “सुशीलाबेन बापूंच्याच डॉक्टर होत्या ना. थ्या बापूशी भांडत बी असतीन.”

सुशीला नायर तेव्हा हयात होत्या आणि सेवाग्रामातच राहत. सगळे त्यांना बडी बहनजी म्हणत. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात कस्तुरबा गेल्या, त्या वेळी त्या तिथंच होत्या. पुढं कस्तुरबांच्या नावानं बायका-मुलांसाठी सेवाग्रामात छोटा दवाखाना निघाला आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, त्याच्याभोवती मेडिकल कॉलेज उभं राहिलं. खेड्यात उभं राहिलेलं मेडिकल कॉलेज ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती. आबाजींच्या दृष्टीनं तिथं नात जाणं म्हणजे घरचंच कार्य. ते बोलून दाखवत नव्हते, पण मला कळत होतं.

सेवाग्रामच्या यादीतही माझं नाव लागलं. बाकीच्यांचे सल्ले मी फारसे मनावर घेतले नाहीत. नागपूरवाल्यांना ‘मेडिकल’ म्हटलं की पुरे, नाव लागतच नाही. मेयो म्हटलं की दुसरं कॉलेज. मेडिकलच्या नावावर प्रॅक्टिस चालते, असं मामा म्हणाले. सेवाग्रामला मांसाहार नाही, दारू नाही, खादी घालावी लागते, दर शुक्रवारी सर्वधर्म प्रार्थना असते, मुलीसाठी तेच बरं, असं आईच्या ओळखीच्या बायका म्हणाल्या. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट पक्की होती. शिकून मला तालुक्यालाच यायचं होतं, आणि बायकांच्या बाळंतपणाचं काम करायचं होतं.

हिंगणघाटला एक डॉक्टरीणबाई होत्या, आमच्या गावच्या निम्म्या बाळंतिणी त्यांच्याकडं जात. बाबा मला त्यांच्याकडं घेऊन गेले. पेशंट आटोपेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. मग त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि सांगितलं, “कोणतं कॉलेज चांगलं हे मला विचारू नको. तिसऱ्या वर्षाचा पोरगा सकाळी आठ वाजता कुठं उभा असतो, काय करतो, ते दोन्ही ठिकाणी जाऊन पाहा. तुला ते रोज करायचंय.” तीस वर्षांत मला मिळालेला हा सर्वांत उपयोगी सल्ला आहे. कॉलेज निवडताना आपण इमारत पाहतो, नाव पाहतो, मागच्या वर्षीचा कटऑफ पाहतो. साधा एक दिवस कोणी पाहत नाही.

आधी सेवाग्रामला गेले. वर्ध्याहून ते हाकेच्या अंतरावर, आणि जवळच्याच एका खेड्यात माझी मावशी राहते. तिचं गाव दवाखान्याच्या विमा योजनेत होतं. ही योजना मला आजही विलक्षण वाटते. सुगीच्या वेळी प्रत्येक घरानं आपल्या ऐपतीप्रमाणं ज्वारी द्यायची आणि त्यावर वर्षभर दवाखान्यात उपचार मिळायचे. पैसा हातात नसला तरी ज्वारी प्रत्येकाच्या घरी असते, हे ज्या डॉक्टरांनी ओळखलं त्यांनी गाव नीट पाहिलं होतं.

मावशीकडं दर महिन्याला एक विद्यार्थी येत असे. सेवाग्रामची प्रत्येक बॅच एक गाव घेते, सुरुवातीला तिथं काही दिवस राहते, प्रत्येक विद्यार्थ्याकडं चार-पाच कुटुंबं असतात आणि पुढची काही वर्षं त्यानं त्या घरी जात राहायचं. मावशीचा विद्यार्थी बिहारचा. पहिल्यांदा आला तेव्हा ‘पाणी द्या’ एवढंच त्याला येत होतं, आता वऱ्हाडीत भांडायचा. मावशीच्या शेजाऱ्याला टीबी झालेला. दोन महिने गोळ्या घेतल्या, खोकला थांबला, वजन वाढलं, गोळ्या बंद. हे दवाखान्यात कोणाला कळलं असतं? कळलं ते या पोराला, कारण तो घरी आला आणि त्यानं फळीवरचं गोळ्यांचं पाकीट उचलून पाहिलं, त्यावर धूळ होती. त्यानं त्या माणसाला स्वतःबरोबर पुन्हा ओपीडीत नेलं. मावशी मला म्हणाली, “तू बी अशीच येजो आमच्या घरी.”

दवाखान्याच्या आवारातही मी फिरले. मुलं थोडी, शिक्षक आवारातच राहणारे, वॉर्डात सर पोरांना नावानं हाक मारत होते. नव्या मुलांचे पहिले पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात जातात, सूत कातायचं, झाडलोट करायची, मग अ‍ॅनाटॉमी. संध्याकाळी एसटीत बसले तेव्हा माझं मन जवळजवळ ठरलं होतं.

नागपूरला गेले ती जामवरून, महामार्गाच्या गाडीनं. मामांच्या शेजारची ताई मेडिकलला शेवटच्या वर्षाला होती. तिनं मला आपला जुना अ‍ॅप्रन दिला आणि सरांची परवानगी काढून मेडिसिनच्या वॉर्डात मागं उभं केलं. सकाळचे आठ वाजले होते. त्या वेळेपर्यंत खाली ओपीडीच्या रांगेत गडचिरोलीचे, गोंदियाचे, सीमेपलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्याचे, आदिलाबादचे लोक येऊन उभे होते. मराठी, गोंडी, हिंदी, तेलुगू, सगळं एका व्हरांड्यात.

वॉर्डात सरांनी एका तरुणाच्या पोटावर विद्यार्थ्याचा हात ठेवला. प्लीहा कशी शोधायची ते मी त्या दिवशी पाहिलं. सुरुवात डाव्या बरगडीखाली करायची नाही, उजव्या ओटीपोटापासून करायची, कारण फार वाढलेली प्लीहा तिथवर आलेली असते आणि वरून सुरुवात केली तर तिची कडाच हाताला लागत नाही. रोग्यानं श्वास आत घेतला की बोटं स्थिर ठेवायची, सोडला की थोडी वर सरकवायची. एकानं केलं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. तो तरुण मलेरियाचा होता. त्याच रांगेत पुढं आणखी एक मोठी प्लीहा, कारण वेगळं. मग हृदयाच्या झडपा आखडलेल्या बायका, सांध्याच्या तापानं लहानपणीच हृदय धरलेल्या. ताईनं एकीच्या छातीवर स्टेथोस्कोप धरून मला ऐकवलं, मला काहीच कळलं नाही. दुसरीच्या छातीवर ऐकवलं, तेव्हाही नाही. तिसरीला मात्र पहिल्या ठोक्याचा ठणठणीत आवाज आणि त्यामागून येणारी घरघर वेगवेगळी ऐकू आली, आणि मी एवढ्या जोरात “हो” म्हटलं की त्या बाईलाच हसू आलं.

तिथंच माझा निर्णय हलला. कान तयार व्हायला तीन छात्या लागल्या होत्या. एकच ऐकली असती तर मी पुस्तकातलं वाक्य पाठ करून पुढं गेले असते. ताई सांगत होती, लेबर रूमच्या पोस्टिंगला रात्रीत एवढ्या बाळंतिणी येतात की बसायला फुरसत मिळत नाही. आडवं मूल, रक्तस्राव, झटके, सगळं डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येतं. आणि मला तर तालुक्याच्या ठिकाणी एकटीनं दवाखाना चालवायचा होता. तिथं रात्री दोन वाजता बाळंतिणीचं रक्त थांबत नसेल तर विचारायला शेजारी वरिष्ठ नसतो, नागपूरची वाट दीड-दोन तासांची असते. एकट्या डॉक्टरच्या हाताला आधी खूप काही लागून गेलेलं असावं लागतं.

म्हणजे मला ज्या गावासाठी शिकायचं होतं, त्याच गावाकडं दोन वाटा जात होत्या. सेवाग्राम मला सांगत होतं की आजार घरात सुरू होतो आणि घरातच पुन्हा उलटतो, तेव्हा घर शिक. मेडिकल सांगत होतं की समोर आलेला जीव वाचवायचा तर हात शिक. दोन्ही खरं होतं. आजही मला यातलं एक खोटं ठरवता येत नाही. पण सतरा-अठराव्या वर्षी मी काय नंतर शिकू शकेन आणि काय नाही, एवढं मला दिसलं. लोकांच्या घरी मी पुढं कधीही जाऊ शकत होते. शेकडो पोटांवर हात ठेवायची संधी मात्र विद्यार्थी असतानाच मिळणार होती.

आबाजींना सांगायचं धैर्य होईना. शेवटी रात्री जेवणानंतर अंगणात बाजेवर बसून सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी मला ससूनची गोष्ट सांगितली. 1924 मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिसायटिस झाला. पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जननं रात्री ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी डॉक्टरांविरुद्ध एवढं लिहिलं, त्यांचा जीव त्या रात्री एका परक्या सरकारच्या डॉक्टरच्या हातात होता, आणि गांधीजींनी नंतर त्या डॉक्टरचे आभार मानले. आबाजी म्हणाले, “दिवा गेल्यावर बी त्याचा हात थांबला नाही. तो हात कुठं शिकला असंन? असा हात जिथं भेटंन तिथं जाय.”

दुसऱ्याच आठवड्यात मी सेवाग्रामच्या कार्यालयात जागा सोडत असल्याचं पत्र नेऊन दिलं. पोस्टानं पाठवता आलं असतं, पण मला ते लवकर पोहोचायला हवं होतं. माझ्यामागं प्रतीक्षायादीत कोणीतरी होतं, आणि मी दोन्ही जागा धरून बसले असते तितके दिवस ते पोर घरी पोस्टमनची वाट पाहत बसलं असतं. आज प्रवेशाच्या फेऱ्या संगणकावर होतात, पण दोन जागा हातात ठेवून शेवटपर्यंत ताटकळत राहणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. त्यांच्या आई-वडिलांना मी कळकळीनं सांगते की मन ठरलं त्याच दिवशी दुसरी जागा मोकळी करा. क्लार्कनं पत्र वाचलं, रजिस्टरमध्ये माझ्या नावासमोर नोंद केली आणि यादीतलं पुढचं नाव लिहून घेतलं. ते नाव मी वाचलं नाही.

एमबीबीएस आणि डीजीओ हा प्रसूतीचा डिप्लोमा मी मेडिकललाच केला. जे शिकायला गेले होते ते शिकले, भरपूर शिकले. हिंगणघाटला दवाखाना टाकला तेव्हा रक्तस्राव पाहून माझा हात थांबला नाही, याचं सगळं श्रेय त्या लेबर रूमला.

पण काही वर्षांनी शहरात एक बालरोगतज्ज्ञ आले, सेवाग्रामचे. आमची एक सामाईक पेशंट होती, सिकलसेलची तरुण बाळंतीण. बाळाला दाखवायला कधी यायची, कधी नाही, स्वतःच्या गोळ्यांसाठी तर येतच नसे. मी दर वेळी कार्डावर तारीख लिहून देत होते. ते म्हणाले, घरी जाऊन पाहू. रविवारी आम्ही दोघं तिच्या गावी गेलो. ती कापूस वेचायला गेलेली, सासू भेटली. वेचणीचे दिवस सोडले तर मजुरी नाही, आणि माझी ओपीडी सकाळी दहा ते दोन. दिवसाची मजुरी बुडवल्याशिवाय तिला माझ्याकडं येताच येत नव्हतं. आठवड्यातून एकदा मात्र सगळ्या बायका हिंगणघाटला येतात, बाजाराच्या दिवशी, मजुरीचे पैसे हातात आल्यावर.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून अशा कुटुंबांची कार्डं ठेवायला सुरुवात केली. कोणाच्या घरी काय आहे, कोण कधी मोकळं असतं, कोणती गाडी त्या गावाला जाते. आणि बाजाराच्या दिवशी माझी ओपीडी दुपारी बारापासून शेवटची एसटी सुटेपर्यंत असते.