नाव आणि गाव

वीरगळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांस रणस्मारक म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीरास वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मरणाची सारी कथा त्या शिळेवर असते. बहुधा नसते ते नाव. देवळापाशी उभ्या असलेल्या अशा शिळेस आम्ही लहानपणी देव समजूनच नमस्कार करीत असू.

फ्रान्समधील नव्ह शापेल या गावचे हिंदी स्मारक नेमके याच्या उलट आहे. १९२७ साली उभारलेल्या या वास्तूचा शिल्पकार हर्बर्ट बेकर. भोवती सांचीची आठवण देणारा वर्तुळाकार दगडी कठडा, आत अशोकस्तंभाच्या धर्तीचा सुमारे पन्नास फुटी स्तंभ, दोन बाजूंस दोन वाघ. स्तंभाच्या शिरावर कमळ आणि कमळावर ब्रिटिश राजमुकुट! पश्चिम आघाडीवर पडलेल्या व ज्यांच्या देहाचा ठावठिकाणा लागला नाही, अशा ४,७०० हून अधिक हिंदी शिपायांची व मजुरांची नावे तेथील भिंतीवर कोरली आहेत. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या दोन कंपन्या याच गावावर चालून गेल्या आणि त्यांची मोठी हानी झाली.

तो मुकुट पाहून कित्येकांस संताप येतो. आम्हांस तो तेथे असावा असेच वाटते. कमळ कोणत्या भाराखाली होते, हे त्यावाचून पुढच्या पिढ्यांस कसे कळावे? तो काढल्याने मेलेल्यांची चाकरी स्वातंत्र्ययुद्ध ठरणार नाही.

आम्हांस खटकते ते दुसरेच. आपल्याकडे पुष्कळ गावांत त्याच महायुद्धाची संगमरवरी पाटी आढळते. या गावातून इतके गेले, पैकी इतके कामास आले, एवढाच तिचा मजकूर. वीरगळावर नाव नसले, तरी गुरे राखताना किंवा गाव राखताना मेलेला माणूस तरी दिसतो. पाटीवर केवळ आकडा. नावे परक्या मुलखात आणि आकडा घरी, अशी ही वाटणी शंभर वर्षे चालत आली आहे. आकड्यांच्या त्या पाट्यांशेजारी नावांची एक साधी शिळा बसविण्यास फारसा खर्च येणार नाही. गावकऱ्यांनी मनावर घेतले म्हणजे पुरे.