यादीतले पहिले नाव

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी अमेरिकेत इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तेथील विद्यापीठांतील समतेविषयी विचारले असता ती म्हणाली, "फादर, दार कुणी अडवीत नाही. मात्र वर्गात गुलामगिरीचा विषय निघाला, की साऱ्या माना एकमेव कृष्णवर्णीय विद्यार्थ्याकडे वळतात. त्याने सबंध समाजाच्या वतीने बोलायचे! शिकायला तोही आमच्यासारखाच आलेला असतो ना?"

हा प्रश्न आम्हां कॅथलिकांना परका नाही. वॉशिंग्टनचे जॉर्जटाऊन विद्यापीठ येशूसंघाच्या परंपरेतले. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी आपल्या मळ्यांवरील २७२ स्त्री-पुरुष व मुले लुइझियानातील मळेवाल्यांना १ लाख १५ हजार डॉलरांस विकण्याचा करार केला. कुटुंबे तोडू नयेत, धर्माचरणाची सोय असावी, पैसा कर्जफेडीस लावू नये, अशा अटी रोमहून संघप्रमुखांनी घातल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. काही रकमेतून कॉलेजचे कर्जच फिटले. या लोकांच्या वंशजांचा माग पुढे लागला, तो बऱ्याच अंशी चर्चच्या नोंदवह्यांतून. बाप्तिस्म्याची नोंद रोज हाताळणाऱ्या माझ्यासारख्याचा हात येथे थबकतो.

१८७४ मध्ये याच संस्थेचे अध्यक्ष झालेले फादर पॅट्रिक हीली एका गुलाम स्त्रीचे पुत्र होते. पण हयातीत ते गोरे म्हणूनच वावरले. आसन मिळाले, ते आईचे नाव झाकून!

नोव्हेंबर २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर ठिय्या दिला. विक्री करणारे फादर मलेडी यांचे नाव एका वसतिगृहाला होते. २०१७ साली ते बदलून तेथे आयझॅक हॉकिन्स हे नाव आले. विक्रीच्या यादीतले ते पहिले नाव. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात जी पसंती मिळे, तीच या वंशजांनाही देण्याचे विद्यापीठाने २०१६ मध्ये जाहीर केले होते. २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची पसंती मात्र त्या निकालाने गेली नाही. वंश नको, वडिलांची पदवी चालेल! ही गुणवत्ता मला तरी उमगत नाही.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आमच्या मनावर बिंबवले होते, की हिरावलेले परत करावे लागते. तितकीच रक्कम दानपेटीत टाकून भागत नाही. एप्रिल २०१९ मध्ये जॉर्जटाऊनच्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी जणू हाच धडा गिरवला. वंशजांसाठी प्रत्येकाने सत्रामागे २७ डॉलर २० सेंट द्यावेत, या ठरावाला जवळजवळ दोन तृतीयांश मते पडली. वीस-बावीस वर्षांची ही मुले, कुणाचा मळा ना कुणाचे गुलाम. तरी देणे आपले म्हणाली. विद्यापीठाने त्याऐवजी देणग्यांतून वर्षाला सुमारे ४ लाख डॉलर उभारण्याचे ठरविले. फीच्या पावतीवर ते २७ डॉलर २० सेंट कधी आलेच नाहीत.