पेर, वाटी आणि बेटकुळी

उसाचं बेणं कसं निवडायचं, हे बारामतीच्या बागायती पट्ट्यात कुणी पुस्तक वाचून शिकत नाही. ९ ते ११ महिन्यांचा रसरशीत ऊस हवा. त्याहून जून झाला की डोळे फुटायला रडतात. कोयत्यानं दोन डोळ्यांची टिपरी तोडायची, डोळ्याला मार लागू द्यायचा नाही, आणि सरीत दाबताना डोळे बाजूला येतील असं बघायचं. एखादं टिपरं हातात घेऊन नीट न्याहाळा. गाठीला चिकटून बसलेला, टोकाकडे निमुळता होत गेलेला, खवल्यांची पापणी गच्च मिटलेला तो कोंब. डोळा नाही तर काय म्हणणार त्याला?

नाव ठेवणाऱ्या माणसाजवळ मोजमापाला स्वतःचं अंगच होतं. म्हणून उसाला पेर आणि बोटालाही पेर. आजी जप मोजते ती त्याच पेरांवर. पानाला शिर, मनगटालाही शिर. कापसाला बोंड, बोटाच्या टोकालाही बोंड. आणि ज्वारी तर सरळ पोटरीत येते. कणीस अजून बाहेर पडलेलं नसतं, वरच्या पानाच्या आवरणात ते फुगत असतं आणि ताट तिथं टच्च भरून येतं. रब्बी ज्वारीला पाणी कधी द्यावं, हे सांगताना कृषी खात्याची पत्रकंसुद्धा पेरणीनंतर २८ ते ३० दिवसांची गर्भावस्था आणि ५० ते ५५ दिवसांची पोटरी, असंच लिहितात. शास्त्रज्ञांनी इथं शेतकऱ्याचा शब्द मुकाट्यानं उचलला, हे फार बरं केलं. इंग्रज शेतकऱ्याला याच अवस्थेत बूट दिसला. तोही पायापाशीच घुटमळला म्हणायचा.

बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं पहिल्या वर्षाला आलेली पोरं शरीररचनेची नावं घोकतात तेव्हा त्यांना ती दगडासारखी जड वाटत असणार. पटेला, मसल, प्युपिल, टिबिया. पण या शब्दांच्या अंगावरची धूळ झटकली की आत आपल्यासारखंच स्वयंपाकघर आणि गोठा-परसू निघतं. पटेला म्हणजे लॅटिनमध्ये लहानशी पसरट थाळी. आपण गुडघ्याची वाटी म्हणतो. प्युपिलच्या मुळाशी इवलीशी बाहुली आहे, कारण समोरच्याच्या बुबुळात डोकावलं की आपलीच चिमुकली प्रतिमा दिसते. आपणही डोळ्यातली बाहुलीच म्हणतो. रोमन माणूस आणि मावळातला माणूस एकमेकांना भेटले असोत वा नसोत, दोघांनी कुणाच्या तरी डोळ्यात जवळून पाहिलं होतं एवढं नक्की. मसल म्हणजे लहान उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली काहीतरी सुळकन सरकतं. त्यांना तो उंदीर वाटला, आपल्याला बेटकुळी. मला विचाराल तर बेटकुळीच जास्त खरी, कारण ती टुणकन वर येते. नडगीच्या हाडाला त्यांनी टिबिया म्हटलं, म्हणजे बासरी. हाडाची बासरी त्यांच्याकडे वाजवत असत. ऑर्किडचं मूळ नाव तर चारचौघांत सांगायची सोय नाही. त्याच्या जमिनीतल्या जोडकंदांकडे पाहून ग्रीकांना पुरुषाच्या अंगाचा जो भाग आठवला, तोच त्यांनी बेधडक फुलाला चिकटवला, आणि आज लग्नाच्या मंडपात तीच फुलं सजतात.

म्हणजे ज्याला आपण जडजंबाळ शास्त्रीय लॅटिन समजतो ती मुळात रांगडी बोली आहे. आपल्या परिभाषाकारांनी मात्र पुष्कळदा तिचा भारदस्तपणा घेतला आणि उंदीर सोडून दिला. बेटकुळीच्या जागी ‘द्विशिर स्नायू’ बसला. गंमत अशी की सुश्रुताच्या परंपरेत स्नायू म्हणजे हाडं बांधून ठेवणारे दोर आणि मांसाची ती पेशी. आपण मसलला स्नायू केलं, तर मोकळी राहिलेली पेशी उचलून सेलला देऊन टाकली. हिंदीत पेशी अजून मांसाचीच आहे. त्यामुळे नागपूरचा मुलगा भोपाळला शिकायला गेला की एकाच शब्दावर दोनदा अडखळतो. सगळीकडेच असं झालं असंही नाही. कानातल्या तीन इवल्या हाडांना शाळेच्या पुस्तकात हातोडा, ऐरण आणि रिकीब म्हटलंय. लॅटिनमधल्या लोहारानं आणि घोडेस्वारानं मराठीत पाऊल टाकलं आणि ते जराही परके वाटले नाहीत.

झाडांच्या नावांतही असंच काही दडलेलं असतं. बारामती तालुक्यातल्या कन्हेरी या गावाचं नाव घेतलं की माझ्या डोळ्यापुढे कण्हेर येते. कण्हेर मोडली की पांढरा चीक येतो, आणि शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. त्यामुळे कुंपणाला चांगली. १७५३ मध्ये लिनियसनं तिला नेरियम ओलिअँडर असं दुहेरी नाव दिलं, पण नेरियम त्याच्या पदरचं नव्हे. ते जुनं ग्रीक नाव, आणि ओलं या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी त्याचं नातं जोडतात, कारण ही झाडं ओढ्याकाठी, नदीच्या पात्रात वाढतात. आपल्याकडेही ती ओढ्यात दिसते. बारामती तालुक्यात एका अंगाला नीरेचा डावा कालवा आणि दुसऱ्या अंगाला टँकरची वाट बघणारी जिरायत गावं. तिथं ओलाव्याचं नाव पोटात घेऊन एक विषारी झाड कुंपणाला उभं असतं.

हाडाच्या दवाखान्यात ही दोन्ही जगं एका टेबलावर येतात. डॉक्टर केसपेपरवर खाली मान घालून पटेला लिहितात. आणि मान वर करून म्हणतात, ‘‘मावशी, वाटी झिजलीय. मांडी घालून बसू नका, आणि खुरपायला तर मुळीच जायचं नाही.’’ मावशी हो म्हणतात. खुरपणीचे दिवस असले तर ऐकतीलच असं नाही.