नुसतं ‘टक्’

किक मारायचं काम गुडघ्यानं साठीतच सोडलं. तेव्हापासून माझ्या सोळा वर्षांच्या मोटारसायकलीचा सेल्फ म्हणजेच माझा पाय. तो चालला नाही, तर पहाटेचं डेअरीचं दूध दारातच राहतं.

गेल्या पावसाळ्यात बटण दाबलं की नुसतं ‘टक्’ व्हायचं. नाक्यावरचा पोरगा मेस्त्री म्हणाला, “तात्या, सेल्फची मोटारच बदला.”

म्हटलं, “पोरा, बैल बसला तर आधी खूर बघतात, लगेच बाजार दाखवत नाहीत.”

गाडी आवाजातनं दुखणं सांगते. ‘कट-कट-कट’ होऊन दिवा मंदावला, तर बॅटरी उतरलेली, नाहीतर तिच्या टोकांवर क्षार चढलेला. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, बटण, क्लचचा स्विच बघायचा. मोटार फिरते पण इंजिन फिरत नाही, तर खोट सेल्फच्या क्लचात.

आमची बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवत होती. बटण दाबल्यावरही दिवा लख्ख. मग गाडी न्यूट्रलला ठेवून रिलेची दोन जाड टोकं पेचकसानं जोडली. ठिणगी उडाली अन् मोटार गरगर फिरली! म्हणजे मोटार ठणठणीत; रिलेचे पॉइंट जळलेले. विहिरीवरच्या स्टार्टरचे जळतात ना, तसेच.

पोरानं मुकाट नवा रिले बसवला. मोटारीच्या मानानं तो कितीतरी स्वस्त. आता गिऱ्हाईक आलं की तो आधी कान लावतो, मग पाना घेतो.