‘नाही’ म्हणायची फी

आपल्या आयटीवाल्या मंडळींना एक खर्च अजिबात पटत नाही, तो म्हणजे कागद वाचण्याचा. मॉड्युलर किचनवर दोन लाख हसतहसत उडवू, पण वकिलाने टायटल सर्चचे १५ हजार सांगितले की लगेच घासाघीस सुरू. "सातबारा ऑनलाइन दिसतो की हो!" दिसतो ना. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. मग उरलेले १४,९८५ रुपये कशाचे? या वीकेंडला त्याचाच हिशोब मांडतो.

गेल्या पावसाळ्यात बायको आणि मी भीमाशंकरच्या रस्त्यावर, डिंभे धरणाच्या पुढे एक जागा पाहिली. २० गुंठे, समोर पाणी, मागे ढगात बुडालेला डोंगर. एजंट म्हणाला, त्यावर कौलारू घर बांधून देतो. भाव पुण्यातल्या पार्किंगपेक्षा थोडाच जास्त! महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर स्वतः शेतकरी असावं लागतं, १९४८ च्या कूळ कायद्याने तसं बंधन आहे. पण गावाकडच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे. "मग साहेब, काळजीच सोडा," एजंट म्हणाला. "आत्ता नोटरीवर साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करू, नाव नंतर चढेल. वकील आमचेच आहेत, त्यांची फीसुद्धा आम्हीच देतो."

परतताना बायको एवढंच म्हणाली, "फुकटचा वकील नक्की कोणाचा रे?"

टोकन देण्याआधी आम्ही घोडेगावातल्या एका ज्येष्ठ वकिलांना गाठलं. आंबेगाव तालुक्याचा कारभार घोडेगावातूनच चालतो, मूळ आंबेगाव तर डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. त्यांनी आधी फी सांगितली, १५ हजार, सर्चचा खर्च धरून. मग सातबारा बघितला आणि जुने फेरफार काढायला घेतले. आठवड्याने फोन आला, "इंजिनिअरसाहेब, व्यवहार करू नका."

कारण साधं होतं. जमीन महादेव कोळी कुटुंबाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ १९७४ पासून लागू आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य कुठल्याही मार्गाने देता येत नाही, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. विक्री असेल तर जिल्हाधिकाऱ्यांनाही आधी राज्य सरकारची मान्यता घ्यावी लागते. मी शेतकरी असलो काय, नसलो काय, इथे तो दाखला चालत नाही. ‘अन्य कुठल्याही मार्गाने’ म्हटल्यावर एजंटची ती मुखत्यारपत्राची वाटही बंदच. तसंही २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही. बेकायदा व्यवहार झालाच तर जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते, आणि त्यावर बांधलेलं घर आपल्याला काही खिशात घालून आणता येत नाही :-)

मी विचारलं, परवानगी काढता येईल का? वकीलसाहेबांनी उलट विचारलं, "एजंट तुमच्याकडून जेवढे घेणार, त्यातले त्या म्हाताऱ्याला किती मिळणार, विचारलंत का?" आम्ही विचारलं नव्हतं. त्या कुटुंबाची खालची, चांगली भातखाचरं धरणात गेलेली. उरलं होतं ते हेच, आमचं ‘व्ह्यू’वालं वरकस. इतका वेळ तो कायदा मला माझ्या वाटेतला अडथळा वाटत होता. तो माझ्यासाठी लिहिलेलाच नव्हता. माझ्यासारख्यांपासून वाचवायला लिहिला होता.

एजंटला नाही कळवलं. तो म्हणाला, "इथं सगळे असंच करतात साहेब." असो.

आता हिशोब. १५ रुपयांत कागद मिळतो. त्यावर काय लिहिलंय आणि त्याचा अर्थ काय, हे सांगणाऱ्याचे उरलेले पैसे. कोड सगळ्यांना दिसतो, पण रिव्ह्यू करणाऱ्याला आपण पगार देतोच ना?

शहरात फ्लॅट घेतानाही हेच. बिल्डरच्या फाइलमधला टायटल रिपोर्ट बिल्डरच्या वकिलाचा असतो. होमलोनसाठी बँक तिच्या पॅनेलवरच्या वकिलाकडून सर्च करून घेते, फी बहुतेकदा आपल्याकडूनच कापते, पण तो वकील बघतो ते बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का. पैसे आपले, अशील बँक! इंग्लंडमध्ये घर घेताना विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा सॉलिसिटर सहसा वेगवेगळा असतो. आपल्याकडे दोघांत एक वकील ही काटकसर समजली जाते.

म्हणून मित्रांना सांगतो, आपला वकील आपण शोधा, शक्यतो त्याच तालुक्यातला. फीमध्ये काय काय येतं ते आधी लिहून घ्या: ३० वर्षांचा सर्च, लेखी अभिप्राय, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, दस्ताचा मसुदा. आणि व्यवहार झाल्यावर टक्केवारी मागणाऱ्यापेक्षा ठरावीक फी घेणारा बरा. टक्केवारीवाल्याला ‘नाही’ म्हणणं परवडत नाही.

सध्या कोथरूडमध्ये एक रिसेल फ्लॅट बघतोय. सर्चचे पैसे देऊन झालेत. वकीलबाई अजून कागद वाचतायत. उत्तर ‘हो’ येईल की ‘नाही’, माहीत नाही, फी मात्र तेवढीच आहे.