दीड टनाचं पोट

शिवाजी पेठेतल्या एका तालमीत मी संध्याकाळी टेकायला जातो. मर्दानी खेळाची तालीम ती. भिंतीवर पट्टे, ढाली, भाले, सगळे छाती काढून उभे. कोपऱ्यात मात्र एक साधी काठी असते. नवखा माणूस तिला कुणा म्हाताऱ्याची विसरलेली काठी समजतो. परवा वस्तादांनी ती उचलली, मूठ जरा पिळली आणि सुर्रकन हातभर पातं बाहेर आलं. गुप्ती! पातं बोटभर रुंद, सरळ, टोकाला सुईसारखं. तिने सपासप वार होत नाहीत, भोसकायलाच ती बरी. एका पोराने विचारलं, पातं जरा रुंद का नाही केलं? वस्ताद म्हणाले, "काठी जेवढी, पातं तेवढंच. रुंद पायजे असंल तर पट्टा घे की, आन् दिसू दे समद्यांना."

ज्याच्याबद्दल लिहायला बसलोय ते बेणं याच गुप्तीच्या कुळातलं. रडारला चकवणाऱ्या लढाऊ विमानाचं पोट.

स्वभावाने घुमं. आपल्याकडे साध्या लढाऊ विमानाचा कारभार उघडा असतो. नाशिकजवळ ओझरला तयार झालेलं सुखोई-३० घ्या. बाहेरच्या बाजूला बारा आकडे, आठ टनांपर्यंत ओझं, पंखाखाली क्षेपणास्त्रं लोंबताहेत, पोटाखाली बॉम्ब. पन्हाळ्याला निघालेलं वडापच ते. टपावर पोती, मागे लटकलेली पोरं, आणि लांबूनच कळतं कोण येतंय. रडारलाही तसंच कळतं. टांगलेल्या क्षेपणास्त्राचे पंख, आकडे, त्यांच्यामधले कोनेकोपरे रडारच्या लहरी जशाच्या तशा परत पाठवतात. मग विमानाच्या अंगाला कितीही घोटून आकार द्या, कितीही लेप लावा, सगळं पाण्यात. म्हणून हे पोट. सगळं आत, बाहेरून दार. दाराच्या कडासुद्धा करवतीसारख्या दातेरी, म्हणजे फटीवर आपटलेली लहर समोरच्याकडे न जाता भलतीकडे जाते. झाकली मूठ म्हणतात ती ही.

मूठ उघडायची वेळ येते तेव्हा या पोटाची खरी परीक्षा. दार उघडं तोवर विमान दिसतं. त्यामुळे अमेरिकेच्या एफ-२२ च्या मुख्य पोटात क्षेपणास्त्र पेटवतच नाहीत. दार उघडतं, आतला दांडा क्षेपणास्त्राला लाथ घालून खाली ढकलतो, ते बाहेर पडल्यावर पेटतं आणि दार मिटतं. नको असलेल्या पाहुण्याला वाटेला लावावं तसा सगळा प्रकार.

आता भूक. या पोटाला घरात स्वतःची अशी खोली नसते, वाटणीतली जागा असते. हवेचे बोगदे, इंजिनं, इंधन, चाकं, सगळ्यांना तीच जागा हवी. (आमच्या पेठेतल्या वाड्यांच्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.) एफ-३५ च्या तिघी बहिणींपैकी 'बी' सरळ खाली उतरू शकते. त्यासाठी वैमानिकाच्या पाठीमागे मोठा पंखा बसवला आणि पोट आक्रसलं. बाकीच्या दोघी नऊशे किलोचे दोन बॉम्ब पोटात घेतात. हिला साडेचारशेच्या जोडीवर भागवावं लागतं. एफ-२२ ची गोष्ट आणखी गमतीची. त्याच्या मुख्य पोटात जुन्या घडणीची चार अ‍ॅमराम क्षेपणास्त्रं बसायची. पुढच्या 'सी' आवृत्तीत क्षेपणास्त्राच्या पंखांची टोकं छाटली आणि त्याच पोटात सहा मावली. काठी जाड केली नाही, पातं तासलं.

आपलं पोट अजून कागदावर आणि नमुन्यात आहे. बंगळुरूच्या एडीए या संस्थेने आखलेल्या अ‍ॅम्का विमानाच्या विकासाला मार्च २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, सुमारे १५ हजार कोटी रुपयांची. फेब्रुवारी २०२५ मध्ये एरो इंडियात त्याचा पूर्ण आकाराचा नमुना मांडला होता. विमान पंचवीस टनांचं, पोट दीड टनाचं. बाहेर टांगायचं ठरवलं तर आणखी साडेपाच टन, पण मग पुन्हा वडाप.

दीड टन ऐकून पोरं लगेच हिशेब मांडतात. आपलं अस्त्र क्षेपणास्त्र १५४ किलोचं, म्हणजे नऊ बसली पाहिजेत. बसत नाहीत. आराखड्यात जागा धरली आहे ती चारांची. पोट किलोत मोजून चालतच नाही. अस्त्राची लांबी साडेतीन मीटरच्या वर, त्याला चारी बाजूंनी पंख, दोन पंख एकमेकांना घासता कामा नयेत, ढकलणाऱ्या दांड्यालाही जागा हवी. हवेतून सोडायचं ब्रह्मोस तर एकटंच अडीच टनांचं. त्याला घेऊन सुखोई २०१६ च्या जूनमध्ये नाशिकहून पहिल्यांदा उडालं तेही पोटाखाली टांगूनच. ते या दारातून आत जाणारच नाही. त्यामुळे गुप्ती आली म्हणून पट्टा मोडीत काढायचं कारण नाही. आधी गुप्तीवाल्याने शिरून समोरच्याचे डोळे, म्हणजे रडार, फोडावेत. मग वडाप खुशाल लोंबकळत यावं.

हे सगळं मी तालमीत सांगितलं. पोरांची तोंडं उतरली. इतक्या कोटींचं विमान आणि क्षेपणास्त्रं चारच? वस्ताद काठीवरून फडकं फिरवत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "दार किती येळ उघडं ऱ्हातंय?"

"क्षण, दोन क्षण," मी म्हणालो.

"मग चार बास की."