खोकला? ‘पोल्युशन आहे यार!’

भांडुप स्टेशन ते एलबीएस मार्ग, शेअर रिक्षा, नाकावर ओढणी. रांगेतले निम्मे लोक खोकतात आणि सगळ्यांचं उत्तर एकच, ‘पोल्युशन आहे यार!’ बरोबर आहे, पण अर्धंच. आपल्या फुप्फुसांत जंतू गिळणाऱ्या पेशी असतात, मॅक्रोफेज. हे आपले वॉचमन! धूर-धुळीचे कण गिळून गिळून तेच दमतात, मग जंतूंना अडवणार कोण? २०१७ मध्ये लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांना तर दिसलं, की काजळीमुळे न्यूमोनियाचे जंतू पेनिसिलिनसमोरही जास्त तग धरतात. टीबीच्या जंतूंशी पहिली गाठही याच वॉचमनची. माझ्या रूममेटनं दोन महिने धुळीला दोष दिला, निघाला टीबी. आता बरी आहे. तेव्हा खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर थुंकी तपासून घ्याच. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. धुळीला शिव्या नंतर घालू!